एका मतामागे बारा रुपये

गेल्या वेळी आपण गटाच्या वर्षाअखेरच्या हिशोबावर बोललो. आजही हिशोबच मांडायचा आहे, फक्त गटाचा नाही, निवडणुकीचा. विधानसभेची निवडणूक लढवायला पैसा किती लागतो, तो येतो कुठून, जातो कुठे, आणि समोरच्याची बदनामी करणाऱ्या जाहिराती एवढा खर्च करून कशाला बनवतात, हे समजून घेऊ. आधीच सांगते, आपल्या सामुदायिक रेडिओवर कुठल्याही पक्षाचा प्रचार करता येत नाही. म्हणून मी पक्षाचं नाव घेणार नाही आणि कुणाला मत द्या असंही म्हणणार नाही. दोन्हीकडचं सांगेन. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

उदाहरण २०२४ च्या विधानसभेचं घेऊ, ती सगळ्यांच्या लक्षात आहे. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला निकाल लागला. जागा २८८. राज्यात मतदार सुमारे ९ कोटी ७० लाख. भागाकार केला की एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार मतदार येतात. आता कायदा सांगतो की विधानसभेच्या एका उमेदवाराने जास्तीत जास्त ४० लाख रुपये खर्च करायचे. ही मर्यादा जानेवारी २०२२ पासूनची आहे. शेजारच्या गोव्यात मतदारसंघ लहान, म्हणून तिथे ती २८ लाख. आपले ४० लाख ३ लाख ३७ हजारांना वाटले तर एका मतदारामागे पडतात बारा रुपये. कायद्याच्या लेखी तुमच्यापर्यंत पोहोचायला उमेदवाराकडे एवढेच पैसे आहेत. एक वडापावसुद्धा धड येणार नाही.

बरं, ४० लाख म्हणजे ऐकायला मोठी रक्कम वाटते, पण मोजून बघा. राज्यात मतदान केंद्रं एक लाखाच्या वर होती, म्हणजे एका मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास. मतदानाच्या दिवशी एका केंद्रावर दहा कार्यकर्ते उभे केले आणि जेवण, चहा, पेट्रोल मिळून माणशी पाचशे रुपये धरले, तर साडेसतरा लाख झाले. हा एका दिवसाचा खर्च. उरलेल्या साडेबावीस लाखांत मंडप, खुर्च्या, जीपगाड्या, रिक्षावरचा भोंगा, हँडबिलं, फ्लेक्स आणि मोबाईलवरच्या जाहिराती बसवायच्या. आपण बारा जणींच्या गटाचं हळदीकुंकू करतो तेव्हा खर्च कसा वाढत जातो ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तर अख्खा तालुका आहे.

हिशोब तपासायला यंत्रणा आहे, आणि ती कागदावर चांगली आहे. उमेदवाराने निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडायचं. दहा हजारांच्या वरचं बिल रोखीत द्यायचं नाही. जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतात, त्यात चहाच्या कपापासून खुर्चीच्या भाड्यापर्यंत दर ठरलेले असतात. उमेदवाराने चहा दोन रुपयाला पाजला असं लिहिलं तरी दरपत्रकाचाच भाव लागतो. बाहेरून आलेले खर्च निरीक्षक असतात, व्हिडिओवाले असतात. प्रचार चालू असताना निदान तीनदा वही तपासली जाते आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशोब द्यावा लागतो. न देणाऱ्याला तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. इतकं सगळं असूनही दाखल झालेले हिशोब पाहिले की बहुतेकांचा खर्च मर्यादेच्या बराच आत दिसतो. गावात आपण डोळ्यांनी पाहिलेलं आणि वहीत लिहिलेलं यांचा मेळ बसत नाही.

याचं एक कारण चोरी हे आहेच. पण दुसरं कारण कायद्यातच आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्षाने राज्यभर कितीही जाहिराती द्याव्यात, कितीही हेलिकॉप्टर उडवावीत. मान्यताप्राप्त पक्ष ४० जणांची ‘स्टार प्रचारक’ म्हणून यादी देतो, त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या वहीत धरत नाहीत. त्या नेत्याने व्यासपीठावर उमेदवाराला शेजारी उभं केलं किंवा तिथे त्याचा फोटो लावला, तर मात्र सभेच्या खर्चातला वाटा उमेदवाराच्या नावावर पडतो. म्हणून काही सभांत उमेदवार खाली बसलेला दिसला तर तो नम्रच असेल असं समजू नका. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरायला हवा. त्याच वर्षी कायदा बदलून ती वाट बुजवली गेली. पुढे त्यात थोडीफार सुधारणा झाली, पण पक्षाला मर्यादा आजही नाही.

आता पक्षाकडे पैसा कुठून येतो? २०१८ पासून निवडणूक रोखे होते. स्टेट बँकेतून रोखा विकत घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा. कुणी कुणाला दिला ते मतदाराला कळायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि म्हटलं की पक्षाला पैसा कोण देतं हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे. मग याद्या बाहेर आल्या आणि मोठमोठ्या कंपन्यांची नावं दिसली. आपल्या गटात एखादीने पाच हजार जास्तीचे जमा केले तर आपण विचारतो, बाई, कुठून आणलेस? तोच प्रश्न न्यायालयाने पक्षांना विचारला, असं म्हणायला हरकत नाही.

या पैशाचा पहिला परिणाम आपल्यापर्यंत पाचशेची नोट येण्याच्या कितीतरी आधी होतो. तो उमेदवारी ठरताना होतो. अर्ज भरताना अनामत फक्त १० हजार आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५ हजार. तेवढे आपल्यातली एखादी उभे करेल. पण तिकीट मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, खर्च किती करणार? तिथेच शेतमजूर, शिक्षिका, अंगणवाडी ताई, चांगली सरपंच बाजूला होतात. २०२४ ला निवडून आलेल्या आमदारांची प्रतिज्ञापत्रं पाहिली तर शंभरातले नव्वदहून जास्त कोट्यधीश आहेत. ते सगळ्याच पक्षांत आहेत. आणि २८८ आमदारांत बायका पंचवीससुद्धा नाहीत. ग्रामपंचायतीत मात्र निम्म्या जागा आपल्या आहेत. आरक्षण हे त्याचं मोठं कारण. पण ग्रामपंचायतीची निवडणूक पायी फिरून लढता येते हेही कारण आहे, असं मला वाटतं. विधानसभा आणि लोकसभेत एकतृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संसदेने मंजूर केली, तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना बांधलेली आहे. जागा राखीव झाल्या तरी खर्चाचा प्रश्न राहीलच. मग ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांच्याच सुना-मुली पुढे येतील.

आता वाटपाकडे येऊ. मतदारसंघातल्या नुसत्या ५० हजार लोकांना पाचशे-पाचशे दिले तर अडीच कोटी होतात. कायदेशीर मर्यादेच्या सहा पटींहून जास्त. हे पैसे उमेदवाराने स्वतःचे घातले असोत की एखाद्या ठेकेदाराने, कुणीही ते देवाच्या पेटीत टाकल्यासारखे विसरत नाही. पुढच्या पाच वर्षांत ते रस्त्याच्या डांबरातून, शाळेच्या खोलीतून, पाण्याच्या टाकीतून वसूल व्हायचे असतात. आपल्याकडे आमदाराला स्थानिक विकासनिधी वर्षाला ५ कोटी मिळतो. मतदारांत वाटून पाहिला तर वर्षाला माणशी दीडशेच्या आत, पाच वर्षांत साधारण ७४० रुपये. म्हणजे पाचशेची नोट घेताना आपण आपल्याच वाट्याच्या निधीपेक्षा कमी रक्कम घेतो. बाकी सरकारी कामं वेगळीच.

मी वाटप घेणाऱ्या बाईला नावं ठेवत नाही. ज्या दिवशी मजुरी नाही त्या दिवशी पाचशे म्हणजे काय, ते भाषण करणाऱ्याला कळत नाही. पण दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, मत द्यायला किंवा न द्यायला पैसे, वस्तू, दारू, जेवण देणं हा गुन्हा आहे आणि घेणंही गुन्हाच आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १७० आणि १७३ त्यासाठी आहेत, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दुसरी गोष्ट, यंत्रावर तुम्ही कुठलं बटण दाबलं ते कुणाला कळत नाही. शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते ती फक्त तुम्हाला, मग ती पेटीत पडते. ‘आम्हाला कळतं’ असं म्हणणारा खोटं बोलतो. नारळावर, भंडाऱ्यावर, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत मागणं हा निवडणूक कायद्यात भ्रष्ट मार्ग मानला आहे. शपथ घ्यायला लावणारा कायद्याने गुन्हेगार, घेणारीला पाप कसलं?

गटांकडे हे लोक का येतात तेही सांगते. बारा बायका एकेकीला घरी जाऊन भेटायच्या तर चार दिवस जातात. गटात त्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एका ओट्यावर भेटतात. माझ्याकडच्या एका गटात २०२४ च्या दिवाळीनंतर एक ओळखीचे भाऊ आले. म्हणाले, दोन मोठी पातेली, एक डेग आणि गॅसची शेगडी गटाला देतो, लग्नकार्याला भाड्याने द्या, कमाई होईल. करायचं काही नाही, सगळ्यांचा मिळून एक फोटो तेवढा. लगेच दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, घेऊ या की, मत कुणाला द्यायचं ते आपल्या मनावर. दुसरी म्हणाली, डेग ठेवायची कुणाच्या घरी? मग आवाज चढले. भांडी आलीसुद्धा नव्हती आणि सात वर्षांचा गट फुटायला आला. तेव्हा सचिव ताईंनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली. म्हणाल्या, ‘भाऊ, वस्तू आली की आम्हाला वहीत लिहावी लागते. कुणी दिली, कशासाठी दिली, कधी दिली. तुमचं पूर्ण नाव सांगा आणि इथे सही करा.’ भाऊंना तेवढ्यात फोन आला. जाऊन येतो म्हणाले, ते काही परत आले नाहीत. या ताई आठवी शिकल्या आहेत. निवडणूक आयोगाच्या एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे अवघड जातं ते त्यांनी एका वहीवर केलं.

डेगेपेक्षा महाग वस्तू मात्र गटाकडे दुसरीच आहे, ती म्हणजे यादी. नाव, मोबाईल नंबर, आधार, बँक खातं, जात, शिक्षण सगळं एका रजिस्टरमध्ये. ही यादी मागायला येणारा पैसेही मागत नाही आणि मतही मागत नाही, ‘योजनेसाठी हवी’ म्हणतो. नंबर एकदा गेले की मोबाईलवर काय येतं ते पुढे सांगते. ग्रामसंघाचा ठराव असल्याशिवाय आणि लेखी पत्र असल्याशिवाय रजिस्टरचा फोटो कुणालाही काढू देऊ नका.

२०२४ च्या निवडणुकीत राज्यात पकडलेली रोकड, दारू, अमली पदार्थ, सोनंचांदी, भेटवस्तू यांची किंमत ६६० कोटींच्या घरात गेली, असं निवडणूक आयोगाने सांगितलं. २०१९ ला हाच आकडा शंभर कोटींच्या जवळ होता. यात सराफांचा माल असतो, कागद दाखवल्यावर तो परतही मिळतो. तेव्हा सगळाच आकडा वाटपाचा नाही. तरी वाढ डोळ्यांत भरण्यासारखी आहे.

सरकारच्या पैशाने होणारी जाहिरात वेगळी मोजायची. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली, महिन्याला १,५०० रुपये, दोन कोटींहून जास्त बायकांना मिळाले. तिच्या प्रसिद्धीसाठी सरकारने सुमारे २०० कोटींचा आराखडा मंजूर केला होता. पूर्वी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींत मोजक्याच पदांवरच्या व्यक्तींचे फोटो ठेवायला सांगितलं होतं, २०१६ मध्ये मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या फोटोंनाही मुभा मिळाली. आचारसंहिता लागली की सरकारी खर्चाने अशी जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याआधीचे दोन महिने फलकांनी रस्ते भरून जातात. प्रचारात एका आघाडीने हीच रक्कम २,१०० करू म्हटलं, दुसरीने ३,००० देऊ म्हटलं. ही लाच नाही, जाहीर आश्वासन आहे, कायद्याला चालतं. पण योजना आपल्याच कराच्या पैशातली. आपण कपड्याच्या साबणावरसुद्धा कर भरतोच, दिसत नाही एवढंच. ज्याचा फोटो फलकावर आहे त्याच्या खिशातून हप्ता येत नाही, आणि मत कुणाला दिलं यावरून तो बंदही करता येत नाही.

हे इतकं ठासून का सांगते? कारण भीती घालण्याचा प्रयत्न झाला होता. एक बाजू म्हणायची, ते आले तर योजना बंद करतील. दुसरी म्हणायची, हे निवडणुकीपुरतं आहे, नंतर हेच बंद करतील. कोल्हापूरकडच्या सभेत एका खासदारांनी तर सांगितलं की योजनेचे पैसे घेणाऱ्या बायका विरोधी पक्षाच्या सभेला दिसल्या तर त्यांचे फोटो काढून ठेवा. आयोगाची नोटीस आली, त्यांनी माफी मागितली. त्याच निवडणुकीत मुंबईत दुसऱ्या बाजूच्या खासदारांनी समोरच्या महिला उमेदवाराला ‘इम्पोर्टेड माल’ म्हटलं. गुन्हा दाखल झाला, मग खेद व्यक्त केला. दोन्ही वेळा माफी आली, पण चार दिवस सगळीकडे तीच चित्रफीत फिरत होती. तेवढ्या दिवसांत पाण्यावर कोण बोललं?

इथे नकारात्मक प्रचाराचं गमक आहे. एक फरक आधी लक्षात घ्या. समोरच्याच्या कामावर टीका करणं वाईट नाही, ते हवंच. पूल का पडला, कर्जमाफीचं काय झालं, दवाखान्यात डॉक्टर का नाही, हे विचारणारी जाहिरात मतदाराच्या उपयोगाची असते. आचारसंहिताही तेच सांगते : टीका धोरणावर, कार्यक्रमावर, आधीच्या कामावर करा, खाजगी आयुष्यावर करू नका, खातरजमा न केलेले आरोप करू नका. टीका कुठली आणि चिखल कुठला हे ओळखायला माझी साधी कसोटी आहे. ऐकून झाल्यावर मला एखादी तपासण्याजोगी गोष्ट कळली का? तारीख, रक्कम, गाव, ठराव? कळली असेल तर टीका. नुसता राग किंवा भीती उरली असेल तर चिखल.

घोषणाच घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके’ची घोषणा झाली. खोका म्हणजे कोटी, हे तोवर आपल्याकडे अनेकांना माहीतही नव्हतं. कोर्टात काही सिद्ध झालं नाही, पण लहान पोरं गणपतीच्या मिरवणुकीत ती ओरडत होती. २०२४ ला ‘बटेंगे तो कटेंगे’ आली. तिच्यात कुणाचं नाव नाही, काम नाही, आकडा नाही, फक्त शेजाऱ्याची भीती आहे. त्या आघाडीतल्याच काही नेत्यांनी तेव्हा सांगितलं की ही भाषा महाराष्ट्रात नको. दोन्ही घोषणा तीन-चार शब्दांच्या, आणि दोन्ही आजही तुमच्या तोंडपाठ आहेत. त्याच निवडणुकीच्या जाहीरनाम्यातली दोन वाक्यं सांगता येतील का? मलाही आठवून सांगावी लागतील.

वाईट लवकर लक्षात राहतं, हा माणसाचा स्वभाव आहे. पन्नास पुरणपोळ्या मऊ झाल्या आणि एक करपली तर संध्याकाळपर्यंत घरात करपलेलीच चर्चा. जाहिरात बनवणाऱ्या कंपन्या याच्यावर पोट भरतात. स्वतःचं काम दाखवायचं तर काम करावं लागतं, त्याला पाच वर्षं लागतात. समोरच्याला चोर ठरवायला तीस सेकंदांची चित्रफीत पुरते. आणि त्या चित्रफितीने तुमचं मत फिरलंच पाहिजे असं नसतं. ‘सगळे सारखेच, कशाला उन्हात उभं राहायचं’ असं वाटून समोरच्या बाजूचे शंभरातले पाच जण घरी बसले तरी काम झालं. अटीतटीच्या जागी निकाल हजार-दोन हजार मतांवर लागतो. कुणी मतदानाला येऊ नये यासाठीही पैसा खर्च होतो, हे आपल्या लक्षात येत नाही, कारण तो खर्च आपल्या हातात नोट होऊन येत नाही.

दुसरा उपयोग, लक्ष दुसरीकडे वळवणं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात बऱ्याच ठिकाणी त्याच्या खाली विकावं लागत होतं. सभांतून त्यावर बोलणं झालं, आश्वासनंही मिळाली. पण तुमच्या मोबाईलवर त्या महिन्यात काय जास्त आलं ते आठवा, सोयाबीन की जात-धर्म?

आणि हे मोबाईलवरचं पाठवतं कोण? पक्षाच्या अधिकृत पानावर सौम्य जाहिरात असते. बोचरी चित्रफीत भलत्याच नावाच्या पानावरून येते, ‘आपला अमुक तालुका’ अशा काहीतरी. उमेदवार म्हणतो, आमचा काही संबंध नाही. खर्चही त्याच्या वहीत लागत नाही आणि शब्दही त्याच्या अंगाला चिकटत नाही. वास्तविक टीव्ही, रेडिओ, समाजमाध्यमं, घाऊक एसएमएस आणि फोनवरचे ध्वनिमुद्रित निरोप, अशा प्रत्येक राजकीय जाहिरातीला आधी जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या माध्यम समितीचं प्रमाणपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशातून ही पद्धत आली. भलत्या नावाची पानं कुठलं प्रमाणपत्र घेणार? व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या चित्रफितीला तर आईबापच नसतात. उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटं छापणं हा भ्रष्ट मार्ग आहे, त्यावरून निवडणूकही रद्द होऊ शकते. पण त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात अर्ज करायचा, मग पुढे खटला. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. बाई उमेदवार असेल तर पहिला घाव तिच्या चारित्र्यावरच बसतो. पैसा नाही म्हणून निम्म्या मागे राहतात, उरलेल्या घरचे म्हणतात, नको ती शोभा.

पेपरात छापून आलं म्हणजे खरं, असंही धरू नका. २००९ च्या विधानसभेच्या वेळी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी एक गोष्ट उघड केली. त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांचं कौतुक करणारा मजकूर वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांत छापून आला होता, आणि काही मजकूर शब्दाला शब्द सारखा होता. तो बातमी म्हणून छापला होता, जाहिरात असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या खर्चाच्या वहीत वर्तमानपत्रातल्या जाहिराती होत्या ५,३७९ रुपयांच्या. वाद वर्षानुवर्षं चालला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने हिशोब नीट नसल्याचा ठपका ठेवला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते सुटले. पण ‘पेड न्यूज’ हा शब्द आपल्याकडे रुळला तो तेव्हापासून. प्रचाराच्या दिवसांत एकाच पानावर तीन उमेदवार ‘प्रचंड मतांनी विजयी होणार’ असं दिसलं तर हसून पान उलटावं.

तपासायचं कसं, ते आता सांगते. हँडबिल हातात आलं की आधी ते उलटं करून बघा. छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर असायलाच हवा, नसेल तर छापणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याला आपलं नाव लिहायची लाज वाटते त्याचा मजकूर चुलीत घालायला हरकत नाही, पण आधी फोटो काढून ठेवा. फेसबुकवरच्या राजकीय जाहिरातीखाली पैसे कुणी भरले ते लिहिलेलं असतं, ते वाचा. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण असेल तर तो निरोप पुष्कळ हातांतून आलेला आहे, लिहिणारीला तुमची पाठवणारी मैत्रीण ओळखत नाही. मतदान संपायच्या आधी ४८ तास जाहीर प्रचार बंद होतो. खोट्या चित्रफिती नेमक्या याच काळात निघतात, कारण समोरच्याला उत्तर द्यायला वेळ उरत नाही. त्या दोन दिवसांत आलेलं काहीही पुढे पाठवायचं नाही, असा ठराव आमच्या तीन गटांनी केला आहे.

वाटप दिसलं तर ‘सी-व्हिजिल’ ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो. नाव न देताही तक्रार करता येते, आणि शंभर मिनिटांत कारवाई व्हावी अशी ती व्यवस्था आहे. त्यासाठी फोटो तिथल्या तिथे ॲपमधूनच काढावा लागतो, आधी काढलेला चालत नाही. ॲप जमत नसेल तर १९५० वर फोन करा.

राहिली उमेदवाराची माहिती. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथेवर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात जमीनजुमला, सोनं, कर्ज, सरकारी थकबाकी, पाच वर्षांच्या आयकर विवरणातलं उत्पन्न, शिक्षण आणि चालू खटले लिहिलेले असतात. पती किंवा पत्नीची मालमत्ताही असते. आयोगाच्या ‘नो युअर कॅन्डिडेट’ ॲपवर ते मिळतं, कॉलेजात जाणारी मुलगी पाच मिनिटांत उतरवून देईल. छापील प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लावतात, आपल्याकडे ते बहुतेक तहसील किंवा प्रांत कचेरीत असतं. पानं पुष्कळ असतात, तेव्हा एका बैठकीत एकच उमेदवार घ्या आणि जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं. मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्रही तिथेच मिळालं तर दोन्ही शेजारी ठेवून मालमत्तेच्या रकान्यापासून सुरुवात करा.